कचऱ्याची रेघ

नाताळ तोंडावर आला की वसईच्या गावागावांतून साफसफाईची धांदल सुरू होते. पावसाळ्यात भिंतींवर चढलेले शेवाळ खरवडायचे, सामान उन्हात काढायचे, रंगाचा हात फिरवायचा, आणि या सगळ्याच्या आधी लांब काठीला झाडू बांधून घराच्या आतली-बाहेरची जळमटे काढायची. गेल्या डिसेंबरात आमच्याकडेही हेच चालले होते. मागच्या दारी तगरीच्या फांदीपासून भिंतीपर्यंत एक छोटे गोल जाळे लटकत होते. जाळ्याच्या मधोमध वरून खाली कचऱ्याची एक रेघ होती. त्या रेघेत वाळक्या पानांचा चुरा, माश्यांचे पंख आणि काही काळपट गुठळ्या दिसत होत्या. जाळे जुने आहे, कोळी केव्हाच निघून गेला आहे, असे आम्ही गृहीत धरले आणि काठी उचलली. तेवढ्यात शेजारी उभी असलेली आमची नात ओरडली, "आजी, थांब ना! तो कचरा हलला!"

काठी थांबली. आम्ही जवळ जाऊन पाहिले, काही दिसेना. मग पेपर वाचायचे भिंग आणले. रेघेच्या बरोबर मध्यावर थोडीशी मोकळी जागा होती आणि तिथे पाय अंगाशी घट्ट आवळून, त्या रेघेचाच एक तुकडा होऊन, एक कोळी बसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. नातीने जाळ्याला हळूच बोट लावले तसा त्याने सारे जाळे गदागदा हलवले आणि पुन्हा कचऱ्यासारखा स्तब्ध झाला.

"हा कुठला कोळी?" नातीने विचारले. आम्ही म्हणालो, "कोळी तो कोळी. त्यात कुठला काय?" ते उत्तर तिला पटले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नाही. साठीच्या पुढे गेलेल्या माणसांना आपल्या मागच्या दारी कोण राहते हे सांगता येऊ नये, याची थोडी लाज वाटली. त्या दिवशी झाडू बाजूला राहिला आणि ओळख पटवण्याचे काम सुरू झाले.

ओळख पटवण्यालाही एक रीत असते. आधी मोठ्या गोष्टी पाहायच्या, मग लहान. पाय आठ आणि शरीराचे दोन भाग, म्हणजे हा कीटक नव्हे, कोळीच. जाळे गोल, चाकासारखे, मध्यापासून निघालेले आरे आणि त्यांवर फेऱ्यांमागून फेरे. म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यांत वेडीवाकडी जळमटे करणाऱ्या घरकोळ्यांपैकी हा नाही, चक्राकार जाळी विणणाऱ्यांपैकी आहे. पण असे कोळीही पुष्कळ. बागेत आपण नेहमी पाहतो तो अर्जिओपी चांगला मोठा असतो, त्याच्या पोटावर पिवळे-पांढरे पट्टे असतात, पायांच्या जोड्या जुळवून तो फुलीसारखा बसतो आणि जाळ्यातही पांढऱ्या नागमोडी रेशमाची फुली काढतो. आमचा पाहुणा तसा नव्हता. युलोबोरस नावाचा दुसरा एक लहान कोळी आहे. त्याला विषग्रंथीच नसतात, भक्ष्याला तो नुसत्या धाग्यात गुंडाळून मारतो. पण त्याचे जाळे बहुधा आडवे असते, हे तर दारासारखे उभे होते. शेवटी दोन खुणांनी निकाल लागला. एक खूण ती कचऱ्याची रेघ, आणि दुसरी कोळ्याच्या पोटाची ठेवण. पोटाचे मागचे टोक शेपटीसारखे बाहेर आलेले होते. या दोन खुणा जुळल्या की तो सायक्लोसा. १८६६ साली मेंगे या अभ्यासकाने या गटाला हे नाव दिले आणि आज जगभर त्याच्या दीडशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

यांतली नेमकी जात कोणती, हे मात्र भिंगाने ठरत नाही. त्यासाठी पूर्ण वाढ झालेला कोळी सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, आणि तसे करायचे तर आधी त्याला मारावे लागते. म्हणून आम्ही सायक्लोसापाशीच थांबलो. एखाद्याची ओळख कुठपर्यंत काढायची आणि कुठे थांबायचे, हाही ओळखीचाच भाग आहे.

नाव मिळाले तेव्हा फार समाधान वाटले. इतके, की दोन दिवस आम्ही जाळ्याकडे फिरकलोच नाही. नावाचा हा एक धोका असतो. नाव कळले की सगळे कळले असे वाटते आणि पाहणे बंद पडते. नातीने मात्र पाहणे सोडले नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने सांगितले, "आजी, जाळे रोज नवीन असते, पण कचरा जुनाच असतो."

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. एके दिवशी पहाटे बॅटरी घेऊन आम्ही मागच्या दारी बसलो. चक्राकार जाळे विणणारे बहुतेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात. धागा म्हणजे प्रथिन, ते वाया जात नाही, पोटात जाऊन त्याचाच पुन्हा नवा धागा होतो. नवीन जाळे विणताना आधी चौकट होते, मग आरे, मग मध्यापासून बाहेर जाणारा एक तात्पुरता कोरडा फेरा. बांधकामाला परांची असते तसा हा फेरा असतो. त्याच्या आधाराने कोळी बाहेरून आत येत चिकट धाग्याचे बारीक फेरे टाकत जातो आणि टाकता टाकता ती परांची काढून घेतो. आरे कोरडे असतात, चिकटपणा फेऱ्यांना असतो. डोळ्यांनी त्याला फारसे दिसत नाही, सारे काम पायांच्या स्पर्शाने चालते. आमच्या सायक्लोसाने सगळे जाळे नव्याने विणले, पण कचऱ्याच्या त्या रेघेला धक्का लावला नाही. खाऊन उरलेल्या माशीची नवी गुठळी तेवढी तिने रेघेच्या टोकाला नीट बांधली. 'तिने' म्हणायचे, कारण असे जाळे घालून बसलेली ती मादी असते.

पण हा कचरा सांभाळायचा कशासाठी? याचे उत्तर आमच्याच भिंतीवर होते. खिडकीच्या वर कुंभारीण माशीने चिखलाची घरटी केली होती. ही घरटी आपण लहानपणापासून पाहतो, फोडतोही. त्यांच्या आत काय असते? कोळी असतात. कुंभारीण कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही. मग एकेका खोलीत असे अनेक कोळी भरते, वर आपले अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. आतली अळी त्या जिवंत कोळ्यांवर वाढते. तांदळाएवढ्या कोळ्याच्या जगात मरण असे वरून, पंखांनी येते. म्हणून तो कचऱ्यात बसतो.

तैवानमधील संशोधकांनी २००९ साली याच गटातील एका जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की कचऱ्याच्या आणि अंड्यांच्या गुठळ्या रंगाने व आकाराने कोळ्यासारख्याच दिसतात. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती विचार करायला लावणारी आहे. रेघ असलेल्या जाळ्यांकडे शिकारी माश्या कमी नव्हे, जास्त आल्या. पण आल्यावर त्यांचा घाव पुष्कळदा कोळ्यावर न पडता गुठळ्यांवर पडला. म्हणजे ही लपण्याची जागा फुकट मिळत नाही. शत्रूची नजर ओढून घेऊन मग त्याला चुकवायचे, असा हा धोक्याचा सौदा आहे. २०१२ साली पेरू देशातील तांबोपाता येथील जंगलात तर असा एक लहान कोळी सापडला, जो कचरा रचून आपल्याहून कितीतरी मोठ्या, पाय पसरलेल्या कोळ्याचे बुजगावणेच जाळ्यात उभे करतो.

आणि अंडी? सायक्लोसाच्या अनेक जातींत मादी अंड्यांच्या पुरचुंड्या याच रेघेत ओवते. भिंगाखाली पुन्हा पाहिले तेव्हा वरच्या बाजूच्या दोन गुठळ्या कचऱ्याच्या नव्हत्या. त्या फिकट तपकिरी रंगाच्या होत्या आणि त्यांवर रेशमाचे गच्च वेष्टण होते. ज्याला आम्ही घाण समजलो, ते तिचे घर तर होतेच, तिची ढाल होती आणि पाळणाही होता. काठीचा एक फटका बसला असता तर हे सगळे एकदमच गेले असते.

इथे आम्हाला आमच्या आत्याची आठवण झाली. खरे म्हणजे ती आठवण त्या पहाटेपासूनच मनात घुटमळत होती.

आत्या शेवटची काही वर्षे आमच्याकडे राहिली. तिच्या खोलीत खाटेखाली गाठोडी असत. त्यांत जुनी फडकी, सुतळीचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे असे काय काय होते. "म्हातारपणी माणसाला साठवायची सवय लागते," असे आम्ही म्हणायचो. तिच्या वागण्याला आम्ही नाव दिले होते आणि नाव दिल्यावर पाहणे बंद केले होते. अशाच एका नाताळच्या आधी, ती शेजारच्या गावी गेलेली असताना, आम्ही तिची खोली साफ केली. मनात वाईट काही नव्हते. तिला स्वच्छ, हवेशीर खोलीत झोपता यावे एवढाच हेतू होता. गाठोडी वाडीत नेऊन जाळली.

ती परत आली. खोली पाहून "बरे केले" म्हणाली. रात्री जेवताना तिने विचारले, "त्या निळ्या डब्यात एक फडके होते, ते कुठे आहे रे?" आम्ही विचारले, "कसले फडके, आत्या?" ती थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "असू दे." त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. आम्हीही विचारले नाही. तिच्या मातीला आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंकडून आम्हाला कळले की लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आत्याला मुलगी झाली होती आणि ती सव्वा महिन्याची होऊन गेली. तिचे एक झबले आत्याने जपून ठेवले होते. घरात कोणालाच ठाऊक नव्हते, कारण कोणी कधी विचारलेच नव्हते.

"आम्हाला माहीत नव्हते." हे वाक्य आम्ही त्यानंतर कितीदा तरी मनाशी म्हटले आहे. ते खरेही आहे. प्रश्न एवढाच, की ते पुरेसे आहे का?

नीतिशास्त्रात अज्ञानाचा एक जुना भेद सांगितला जातो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तो नीट मांडला. एक अज्ञान असे असते की कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होत नाही, आणि त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे अज्ञान थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते, पण आपण तो प्रयत्नच केला नाही. त्याचा दोष आपल्याला लागतो, कारण जे जाणून घेणे आपले काम होते ते आपण टाळले. आता आमची दोन उदाहरणे या भेदावर ठेवून पाहू. मागच्या दारचे जाळे जिवंत आहे की नाही, हे दोन पावले पुढे जाऊन पाहिले असते तर कळले असते. आत्याच्या डब्यात काय आहे, हे एका प्रश्नाने कळले असते. दोन्ही ठिकाणी भिंत नव्हती, दार होते आणि तेही उघडे. आम्ही आत डोकावलो नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की असे प्रत्येक जाळ्यापाशी भिंग घेऊन बसलो तर घर कधी झाडायचे? दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसे राहतात तिथे गाठोडी किती दिवस ठेवायची? हा आक्षेप खरा आहे. झाडू ही वाईट वस्तू नाही. ज्या बायका वर्षानुवर्षे घर झाडत आल्या त्यांना कोळ्याच्या नावाने बोल लावणे हा उद्धटपणा होईल. शिवाय कोळ्याचे आणि आत्याचे दुःख एका तागडीत घालणेही बरोबर नाही. सायक्लोसाला आपल्या कचऱ्याची माया नसते. ती रेघ ती विणते कारण तिच्या जातीचा तो स्वभाव आहे. रेघ गेली तर ती रडत नाही, जगली तर दुसरी रचू लागते. निसर्गातून धडे काढताना माणसे अशी घाई फार करतात. मुंगीपासून उद्योग शिकायचा, कोळ्यापासून चिकाटी. कोळी आपल्याला काही शिकवायला बसलेला नसतो. तो माशीची वाट पाहत बसलेला असतो.

मग साम्य कुठे आहे? ते कोळ्यात आणि आत्यात नाही, काठी धरलेल्या हातात आहे. दोन्ही वेळा हात तोच होता. दोन्ही वेळा त्याने मानले, की जे मला कळत नाही ते निरर्थक आहे. पहिल्या वेळी तो थांबला, कारण शेजारी एक लहान मूल होते आणि अजून पाहणे विसरले नव्हते. दुसऱ्या वेळी शेजारी कोणी नव्हते.

आणि आक्षेपाचे उत्तर? आम्हाला वाटते, चौकशी किती करायची याचे माप दोन गोष्टींवर ठरावे. मोडल्यावर ती गोष्ट परत होणार आहे का? आणि विचारायला मोल किती पडते? घरातल्या छताचे रिकामे जळमट काढले तर कोणाचे काही बिघडत नाही, ते खुशाल काढावे. बागेतल्या कोळ्याचे नुसते जाळे चुकून तुटले तर पहाटेपर्यंत तो दुसरे करतो. अंड्यांची पुरचुंडी मात्र परत येत नाही, आणि झबलेही परत येत नाही. जे परत येत नाही त्याच्यापाशी थांबून एकदा विचारावे. विचारायला एक मिनिट लागते. आम्ही ते मिनिट वाचवले होते, आणि ते वाचवलेले मिनिट आजही आमच्या अंगावर आहे.

ही गोष्ट गाठोड्यांपुरती नाही. आपल्या आळीत एखादे घर असते, त्याच्या अंगणातले भंगार पाहून आपण नाक मुरडतो. एखादा माणूस चारचौघांत बोलत नाही, त्याला आपण गर्विष्ठ म्हणतो. एखादी सून माहेरचा जुना फोटो भिंतीवरून काढू देत नाही, तिला आपण हट्टी म्हणतो. प्रत्येकाची एक कचऱ्याची रेघ असते आणि तिच्या आड काहीतरी पाय आवळून बसलेले असते. त्याला बाहेर ओढून काढण्याचा आपल्याला हक्क नाही, आणि ते काय आहे हे दर वेळी कळलेच पाहिजे असेही नाही. जातीचे नाव न कळताही आम्ही सायक्लोसाला राहू दिले. ते कचरा नसावे, एवढी शंका मनात आली तरी पुष्कळ झाले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नातीने हाका मारून आम्हाला मागच्या दारी नेले. वरची एक पुरचुंडी फाटली होती. तगरीच्या फांदीवर मोहरीहून बारीक असे ठिपके पसरले होते. वाऱ्याची झुळूक आली की त्यांतला एखादा पोट वर करून केसाहूनही बारीक धागा हवेत सोडी आणि धाग्याबरोबर उडून जाई. कुठे ते दिसत नव्हते. नात मोजायचा प्रयत्न करीत होती आणि दर वेळी तिचा हिशेब चुकत होता.

त्या वर्षी आमच्या मागच्या भिंतीला रंग लागला नाही. नाताळला आलेल्या पाहुण्यांनी विचारलेही, "ही एवढीच बाजू का राहिली?" आम्ही सांगितले, "तिथे कोणीतरी राहते."